न थांबणारी डागडुजी

रत्नागिरीहून गणपतिपुळ्यास किनाऱ्याकिनाऱ्यानें जो रस्ता जातो, त्यावर आरे आणि वारे या दोन गांवांच्या पुळणी लागतात. एका अंगास सुरूचें बन, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्येंच डोंगराच्या कडेनें वर चढत जाणारी वाट. वरच्या वळणावर उभें राहिलें म्हणजे खालचा सारा किनारा एकदम दृष्टीस पडतो. सुटीला मुंबई-पुण्याहून घरीं येणारी मंडळी येथें एकदां तरी जाऊन आल्यावांचून राहत नाहींत. आमच्या घरचाही तोच परिपाठ आहे.

२०२३ च्या वैशाखांत आम्ही सारीं तेथें गेलों होतों. मोटार खालीं ठेवून वरच्या वळणापर्यंत पायीं जावयाचें, असें मुलांनीं ठरविलें. आमचे काका मुंबईस नोकरी करून निवृत्त झालेले, वय बासष्ट, विडी-तपकिरीचें व्यसन नाहीं, रोज सकाळीं फिरावयास जाण्याचा नेम. तरी अर्ध्या चढावर ते थांबले. कठड्याला हात टेकून त्यांनीं समुद्राकडे तोंड केलें, जणूं देखावाच पाहत आहेत. पण मला पाठीमागून त्यांच्या खांद्यांची हालचाल दिसत होती. चार पावलें चालून ते पुन्हां थांबले. "काका, जरा बसूं या का?" असें मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "अरे, वय झालें आतां. तुम्ही व्हा पुढें." काकूही तेंच म्हणाल्या. घरीं आल्यावर आजीनें मुंबईच्या हवेला दोष देऊन आलें-मधाचें चाटण करून दिलें, आणि तो विषय तेथेंच संपला.

"वय झालें" हे दोन शब्द आपल्या घरांतून फार सोयीचे झालेले आहेत. त्यांनीं प्रश्न मिटतो, कोणाला काळजी करावी लागत नाहीं, आणि ज्याला त्रास होतो त्यालाही तो लपविण्यास आडोसा मिळतो. काकांचें जवळजवळ एक वर्ष या दोन शब्दांनीं खाल्लें. हा लेख लिहिण्याचें कारण तेंच.

कोरडा खोकला तर त्यांना त्याआधींही होता. एका ठिकाणीं तो दमा ठरला. दुसऱ्या ठिकाणीं छातीच्या फोटोंतील सावल्या पाहून क्षयाचीं औषधें सुरू करण्यांत आलीं, आणि थुंकींत जंतु सांपडले नसतांही तीं सहा महिने चाललीं. शेवटीं फुप्फुसांच्या विकारांच्या एका तज्ज्ञाकडे जाण्याचा योग आला. त्यांनीं पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलें. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशीं, श्वास आंत घेतांना, चुरचुर असा आवाज येत होता. सुरूच्या वाळलेल्या काड्यांवरून चालतांना पायांखालीं होतो तसा. मग त्यांनीं छातीचा सीटी स्कॅन करविला, आणि तो हातांत घेऊन पहिला प्रश्न विचारला तो औषधांविषयीं नव्हे. "घरीं कबुतरें येतात का?" असें त्यांनीं विचारलें. काकूंनीं उत्तर दिलें, "येतात म्हणजे काय! हे रोज सकाळीं गॅलरींत दाणे घालतात. पंधरा वर्षांचा नेम आहे."

कबुतराचा आणि धापेचा संबंध काय, हें समजावयास फुप्फुसाची रचना थोडी पाहिली पाहिजे. फुप्फुसें म्हणजे हवेनें फुगणाऱ्या दोन पिशव्या, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तीं स्पंजासारखीं आहेत. श्वासनलिकेला फांद्या, त्या फांद्यांना डहाळ्या, अशा वीस-बावीस पिढ्या फुटत जाऊन शेवटीं द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश लागतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरांत आहे. सर्वांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारें ७० चौरस मीटर जागा व्यापतील, इतकी जागा तर एखाद्या बिऱ्हाडाला राहावयास पुरते. अलीकडे हवा आणि पलीकडे रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. तो पातळ आणि लवचिक आहे तोंवरच प्राणवायु सुखानें रक्तांत उतरतो. हा पडदा जाड व ताठ होणें, हाच प्रस्तुत रोग. त्याचें शास्त्रीय नांव फुप्फुसांचें फायब्रोसिस. आपण त्याला फुप्फुसांतील वण म्हणूं. गुडघा फुटला असतां बरी झालेली जागा जशी घट्ट व राठ होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, गुडघ्यावरील वणानें चालणें अडत नाहीं, फुप्फुसांतल्या वणानें श्वास अडतो.

शरीरास कोठें इजा झाली असतां पहिली धांव कोण घेतें, याचा शोध समुद्रकांठींच लागला. १८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें राहत असतां एली मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगांत गुलाबाचा कांटा टोंचून ठेवला. दुसऱ्या दिवशीं सूक्ष्मदर्शकांतून पाहतां त्या कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. परकी वस्तु गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या प्रत्येक वायुकोशांतही अशा भक्षक पेशी पहारा करीत असतात. धुळीचा कण, जंतु, बुरशीचें बीज, जें आंत येईल तें त्या गिळतात, आणि बहुधा आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं.

परंतु कांहीं वस्तु पचत नाहींत. कणकवली तालुक्यांत कासार्डे परिसरांत सिलिका वाळूच्या खाणी आहेत, हें कोंकणांतील वाचकांस ठाऊक असेल. सिलिकेची अगदीं बारीक धूळ श्वासावाटे आंत गेली म्हणजे भक्षक पेशी ती गिळते, पण पचवूं शकत नाहीं. तेव्हां त्या पेशीच्या आंत एनएलआरपी-३ नांवाचें प्रथिन इतर प्रथिनांसह जुळून येतें, आणि त्या जुळणीमुळें इंटरल्यूकिन-१-बीटा नांवाचा रेणु बाहेर सोडला जातो. २००८ सालीं संशोधकांनीं सिलिका व ॲस्बेस्टॉस या दोहोंच्या बाबतींत ही यंत्रणा दाखवून दिली. हा रेणु म्हणजे धोक्याची घंटा. ती वाजली कीं रक्तांतून आणखी पेशी येतात, त्या आपले रेणु सोडतात, आणि जागा तापते, सुजते. यालाच दाह म्हणतात. स्वतः भक्षक पेशी मात्र त्या कणाच्या पायीं मरते, कण पुन्हां मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, आणि घंटा वाजतच राहते.

दाह ही मुळांत वाईट गोष्ट नव्हे. आग लागली तर बंब यावयास हवेतच. खरा प्रश्न नंतरचा आहे. बंब परत गेल्यावर पडझडीची डागडुजी करावी लागते, आणि तें काम तंतुजनक पेशींकडे असतें. त्यांना कामाचा हुकूम देणारा मुख्य रेणु म्हणजे टीजीएफ-बीटा. निसर्गाची सावधगिरी पाहा: हा हुकूम फुप्फुसाच्या ऊतींत आधींच लिहून ठेवलेला असतो, पण कुलुपांत. वायुकोशांच्या अस्तराला इजा झाली म्हणजे त्या अस्तराच्या पेशींवरील इंटेग्रिन नांवाचीं प्रथिनें तें कुलूप अक्षरशः ओढून उघडतात. मोकळा झालेला टीजीएफ-बीटा तंतुजनक पेशींचें रूप पालटून टाकतो. त्या स्नायूप्रमाणें आकुंचन पावूं लागतात आणि कोलॅजनचे दोरखंड विणूं लागतात. जखम भरली कीं या कारागिरांनीं मरून जावें अथवा विसांवावें, अशी व्यवस्था असते.

कांहीं माणसांत ही व्यवस्था मोडते. कोलॅजन सांठून ऊति ताठ होते. ताठ ऊतींत ओढ अधिक बसते. त्या ओढीनें टीजीएफ-बीटाचीं आणखी कुलुपें उघडतात. आणि त्यामुळें कोलॅजन आणखी वाढतें. घराची एक भिंत दुरुस्त करावयास आलेला गवंडी, थांब म्हणणारें कोणी नाहीं म्हणून, एकेक करून खिडक्याही चिऱ्यांनीं बुजवीत सुटावा, तसें हें होतें. गवंडी घरचा शत्रु नव्हे. तो आपलें कामच करीत आहे. फक्त तें थांबत नाहीं.

येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण रोग्याचें भवितव्य त्यावर अवलंबून असतें. कित्येकांत आधीं आग लागते व मग वण पडतो. कबुतरांची विष्ठा आणि पिसांवरील पूड, दमट पेंढ्यांतील बुरशी, यांचे कण वर्षानुवर्षें श्वासांत गेल्यानें कांहीं लोकांची संरक्षक यंत्रणा त्यांच्यावर डूख धरते. लिंफोसाइट नांवाच्या पेशी वायुकोशांच्या भिंतींत गोळा होतात, इंटरफेरॉन-गॅमासारखे रेणु सोडून भक्षक पेशींना चेतवतात, आणि त्यांच्या लहान लहान गांठी बनतात. या रोगास हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. येथें जळण काढून घेतलें आणि वेळेवर स्टेरॉइड दिलें, तर आग विझूं शकते.

दुसऱ्या प्रकारांत बाहेरचें जळण सांपडतच नाहीं. त्याला आयपीएफ म्हणतात. यांत वायुकोशांच्या अस्तराच्या पेशीच अकालीं थकलेल्या असतात. कांहीं घराण्यांत त्यांच्या गुणसूत्रांचीं टोंकें आंखूड आढळतात. एमयूसी-५-बी या जनुकाजवळील एका बदलामुळें हा रोग होण्याचा संभव वाढतो, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. येथें आग थोडी आणि डागडुजी फार. पूर्वीं मात्र सर्वत्र दाह हेंच मूळ मानून दाहशामक औषधें देत असत. २०१२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष बाहेर आला. प्रेड्निसोलोनच्या जातीचें स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि ॲसिटिलसिस्टीन हीं तिन्ही एकत्र दिलेल्या आयपीएफच्या रोग्यांत, नुसती निर्गुण गोळी दिलेल्यांपेक्षां मृत्यु अधिक झाले. वर्षानुवर्षें चालत आलेली रूढ चिकित्सा अपायकारक ठरली! एकच औषध एकाला तारक व दुसऱ्याला मारक कसें होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

२०१४ पासून चित्र कांहींसें पालटलें. पिर्फेनिडोन आणि निन्टेडॅनिब या दोन औषधांनीं आयपीएफमध्यें फुप्फुसांची घसरण मंदावते, हें त्या वर्षीं सिद्ध झालें. निन्टेडॅनिब तंतुजनक पेशींना येणाऱ्या कांहीं हुकुमांची वाट अडवितें. २०१९ सालीं इतर कारणांनीं वाढत जाणाऱ्या वणांतही त्याचा उपयोग दिसून आला. आणि २०२५ सालीं नेरॅन्डोमिलास्ट या नव्या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. पण वाचकांनीं हें पक्कें समजावें कीं, यांतलें एकही औषध पडलेला वण पुसून टाकीत नाहीं. तीं गवंड्याचा हात सावकाश करतात. बुजलेली खिडकी उघडीत नाहींत. म्हणून वेळेची एवढी किंमत.

आपल्या देशांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १९ शहरांतील २७ केंद्रांनीं मिळून अशा १,०८४ रोग्यांची नोंद केली, ती २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आयपीएफचे रोगी सातांत एकाच्या आसपास निघाले. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे मात्र शेंकडा ४७. म्हणजे आपल्याकडील जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या बाबतींत बाहेरच्या जळणाचा संशय घेण्यास जागा होती. दमट राहणारे पाण्याचे कूलर, बुरशी आणि पक्षी हीं त्यांत पुढें आलीं.

ही विद्या नवीन नाहीं. इटलींतील रामाझ्झिनी या वैद्यानें १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या खोकल्याचें व धापेचें वर्णन आहे. १९३२ सालीं इंग्लंडांत बुरसटलेलें गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा, १९४१ सालीं अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांत उंसाचीं चिपाडें हाताळणाऱ्यांचा, आणि १९६५ सालीं कबुतरें पाळणाऱ्यांचा रोग वर्णिला गेला. मुंबईंत कबुतरखान्यांचा प्रश्न २०२५ सालीं उच्च न्यायालयापुढें गेला, आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनें झांकला गेला तेव्हां शहरांत मोठा वाद माजला. त्या वादांत एका बाजूस भूतदया व दुसऱ्या बाजूस आरोग्य, असा सामना रंगविण्यांत आला. आमच्या घरीं हा वाद दोन वर्षें आधींच होऊन गेला होता, म्हणून त्यांतली वेदना मी जाणतों.

काकांना तज्ज्ञाचें म्हणणें प्रथम पटेना. "मुक्या जिवाला मूठभर दाणा घालणें हें पाप केव्हांपासून झालें?" असें ते म्हणाले. त्यांच्या आईनें, म्हणजे आमच्या आजीनेंच, त्यांना लहानपणीं हा संस्कार लावला होता. डॉक्टर शांतपणें म्हणाले, "पाप मुळींच नाहीं. पुण्य आहे असेंच धरूं. पण आपल्या फुप्फुसांना तें सोसत नाहीं, एवढीच माझी तक्रार आहे." तरीही काका घुटमळत होते. अखेर निकाल दिला तो आजीनें. फोनवर ती एवढेंच बोलली, "तो नेम मीं लावला होता, मीच सोडवितें." त्या दिवसापासून दाणे बंद झाले. गॅलरीस जाळी बसली. घर ओल्या फडक्यांनीं पुसून घेतलें. आणि तें काम चालू असतां काकांना बाहेर ठेवलें, कारण कबुतरें गेल्यावरही त्यांची पूड घरांत महिनोनमहिने टिकून राहते.

हा रोग कबुतरांजवळ राहणाऱ्या प्रत्येकास होतो असें नाहीं. त्याच घरांत काकू पंधरा वर्षें राहिल्या आणि त्यांची छाती निरोगी आहे. कोणाची यंत्रणा डूख धरील हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून भिऊन जाण्याचें कारण नसलें तरी घराकडे एकदां डोळसपणें पाहावें. आमच्या कोंकणांत चार महिने पाऊस; भिंतींना ओल येते, बंद खोल्यांतील गाद्या-उशांना वास सुटतो, गोठ्याच्या माळ्यावर पेंढा घामेजतो. तो पेंढा काढतांना नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधावा, आणि ज्याला खोकला असेल त्यानें त्या कामास हात लावूं नये. बुरशी धरलेली भिंत नुसत्या चुन्यानें झांकण्यापेक्षां ओल कोठून येते तें शोधावें. कूलरचें पाणी व गवत वेळोवेळीं बदलावें. पिसांच्या उशा व रजया घरांत असतील तर तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. चुलीच्या धुरानें होणारा विकार बहुधा वेगळा असतो, पण आधींच आजारी असलेल्या फुप्फुसास तोही जड जातो.

रोग ओळखण्याच्या खुणा घरच्या माणसांना समजण्यासारख्या आहेत. आठ-आठ आठवडे न हटणारा कोरडा खोकला. सपाटीवर ठीक पण जिन्यावर अथवा चढावर लागणारी धाप. कित्येकांत बोटांचीं टोंकें फुगून नखें घड्याळाच्या कांचेसारखीं गोल होणें. करोनाच्या सांथींत पुष्कळ घरीं बोटाला लावण्याचें ऑक्सिमीटर आलें आहे. तें बसल्या जागीं लावून समाधान मानूं नये. या रोगांत स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन ठीक दिसतो, आणि चालूं लागला कीं उतरतो. डॉक्टरही सहा मिनिटें चालवूनच पाहतात. साध्या एक्स-रेंत प्रारंभींचा वण पुष्कळदां दिसत नाहीं. बारीक कापांचा सीटी स्कॅन आणि श्वासाच्या तपासण्या लागतात. क्षयाचा संशय आल्यास थुंकीच्या तपासणीचा आग्रह धरावा. आणि डॉक्टरांनीं न विचारलें तरी आपला धंदा, आपले छंद, घरांतील पक्षी, ओल, कूलर हें सारें आपण होऊन सांगावें. काकांना दाणे घालण्याचा नेम सांगण्याजोगा कधींच वाटला नव्हता.

काका बरे झाले, असें मी लिहूं शकत नाहीं. पडलेला वण तसाच आहे. खोकला मात्र गेला, स्टेरॉइडचें प्रमाण उतरत उतरत अगदीं थोडें राहिलें, आणि दोन वर्षांत श्वासाच्या तपासणीचे आंकडे खालीं आलेले नाहींत. एक वर्ष आधीं गेलों असतों तर आणखी किती वांचलें असतें, हा हिशेब आम्ही घरीं मांडीत नाहीं. पण तो प्रत्येकाच्या मनांत असतो.

२०२५ च्या वैशाखांत आम्ही पुन्हां आरे-वाऱ्यास गेलों. काका अर्ध्या चढापर्यंत आले, तेथें कठड्यावर बसले, आणि म्हणाले, "माझें आज एवढेंच. तुम्ही जाऊन या." या वेळीं त्यांनीं समुद्राकडे तोंड फिरविलें नाहीं, आमच्याकडे पाहून सांगितलें. आमच्यापैकीं एकजण त्यांच्याजवळ बसला आणि बाकीचीं वर गेलीं.

वाचकहो, आपल्या घरांतील कोणी वडील माणूस चढावर मध्येंच थांबून देखावा पाहूं लागलें, तर त्याला वय विचारूं नका. कधींपासून धाप लागते, तें विचारा. आणि त्याच आठवड्यांत त्याची छाती तपासून घ्या.